घड्याळ समोर ठेवून लिहिणारा कादंबरीकार

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक टपालपेटी आहे. लाल रंग, तळाशी काळा पट्टा, उन्हापावसानं अंगावर पोपडे आलेले. हल्ली तिच्या पोटात फारसं काही पडत नाही. पण भाजी घेऊन येता-जाता मी मनातल्या मनात तिला नमस्कार करते. लोकांना पोस्टापर्यंत चालायला लावण्यापेक्षा पेटीच त्यांच्या रस्त्यावर उभी करा, असा आग्रह ब्रिटिश टपालखात्यात धरला तो खात्यातल्याच एका फिरत्या अधिकाऱ्यानं. फ्रान्समध्ये अशा पेट्या होत्या, हे त्याला माहीत होतं. १८५२ च्या नोव्हेंबरात जर्सी बेटावर त्या प्रायोगिक म्हणून बसल्या आणि पुढे सगळीकडे पसरल्या. हा अधिकारी फावल्या वेळात कादंबऱ्या लिहीत असे. आयुष्यभरात त्यानं ४७ लिहिल्या. त्याचं नाव ॲन्थनी ट्रोलॉप.

मी स्वतः छत्तीस वर्षं बँकेत होते आणि त्या काळात कादंबऱ्याही लिहिल्या. नोकरी, घर, मुलं सांभाळून लिहायला वेळ कधी मिळतो, असं मला कार्यक्रमांतून नेहमी विचारलं जायचं. विचारणाऱ्याच्या सुरात कौतुक असे, पण तळाशी थोडी शंकाही असे. रोजकीर्द आणि खतावणी लिहिणाऱ्या हातातून खरं साहित्य उतरेल का, ही ती शंका. खरं उत्तर मी कधी दिलं नाही. पहाटे साडेचारला उठायचं, सहाला डब्यांच्या पोळ्या लाटायला घ्यायच्या, मधल्या वेळात दोन पानं करायची आणि किती झाली ते डायरीत मांडायचं, हे सांगायची मला लाज वाटत असे. लेखकानं सुचण्याबद्दल बोलावं, पानांच्या हिशेबाबद्दल नव्हे, अशी माझीही समजूत होती. मग एकदा प्रशिक्षणासाठी मुंबईला गेले असताना फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर ट्रोलॉपचं आत्मचरित्र हाती लागलं. परतीच्या गाडीत ते वाचताना कुणीतरी माझीच डायरी चारचौघांत उघडून ठेवली आहे, असं मला वाटलं.

ट्रोलॉपचा जन्म २४ एप्रिल १८१५ चा, लंडनचा. वडील वकील होते, पण स्वभाव असा तापट की पक्षकार टिकत नसत. वकिली बसली तेव्हा त्यांनी शेती करून पाहिली. त्यातलं त्यांना काही कळत नव्हतं, त्यामुळे तीही बुडाली. हॅरोच्या शाळेत धनिकांची मुलं घोड्यागाड्यांतून येत आणि हा मुलगा चिखलाच्या वाटा तुडवत दिवसातून चार वेळा पायी ये-जा करी. बूट मळलेले, कपडे तोकडे. सोबत्यांनी त्याला वाळीत टाकल्यासारखंच केलं होतं. खेळायला कुणी नाही म्हणून तो चालताना मनात गोष्ट रचायचा. एकच गोष्ट आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्‌महिने पुढे न्यायची. तिच्यातही अशक्य असं काही घडू द्यायचं नाही, हा स्वतःच घातलेला नियम. कादंबरीकार तिथेच घडला, असं माझं मत आहे. शाळेनं त्याला दुसरं काही दिल्याचं दिसत नाही.

त्याची आई फ्रान्सिस हे एक स्वतंत्र प्रकरण आहे. घर सावरण्यासाठी ती अमेरिकेत गेली, सिनसिनाटीला एक बाजार उघडला आणि त्यात होतं तेही घालवून परतली. मग त्या प्रवासावर पुस्तक लिहिलं. ते १८३२ मध्ये निघालं तेव्हा तिनं पन्नाशी ओलांडली होती. पुस्तक खपलं. पण १८३४ मध्ये कर्जापायी घरावर जप्ती आली आणि कुटुंब बेल्जियममध्ये ब्रूजला पळालं. तिथे एक मुलगा क्षयानं अंथरुणाला खिळलेला, नवराही खचलेला, धाकट्या मुलीलाही तोच क्षय. दिवसरात्र शुश्रूषा करायची आणि रोगी झोपले की कादंबरीचे कागद ओढायचे. एकाच खोलीत औषधाच्या बाटल्या आणि शाईची दौत. प्रकाशकाचे पैसे आले नाहीत तर औषध येणार नाही, असा तो व्यवहार होता. मुलगा गेला, नवरा गेला, पाठोपाठ मुलगी गेली. फ्रान्सिस लिहीत राहिली. पहाटे चारला ती मेजाशी असे आणि घर जागं होईपर्यंत तिचं लिहून झालेलं असे. हे ट्रोलॉपनं तरुण वयात पाहिलं होतं. त्याच्या पुढच्या शिस्तीला कोरडी म्हणणाऱ्यांनी ही खोली विसरू नये.

१८३४ च्या शरदात लंडनच्या मुख्य टपाल कार्यालयात त्याला कारकुनी मिळाली, साल ९० पौंड पगारावर. परीक्षेची कथा मजेशीर आहे. वर्तमानपत्रातल्या चार ओळी उतरवायला सांगितल्या, तर यानं शाईचे डाग आणि शुद्धलेखनाच्या चुका करून ठेवल्या. उद्या चांगलं लिहून आण, म्हणून परत पाठवलं. बिचाऱ्यानं रात्र जागून सुरेख अक्षरात उतारे लिहून नेले, तर ते कुणी पाहिलेसुद्धा नाहीत. खुर्ची दाखवली आणि बस म्हटलं. सरकारी खात्याचा हा नमुना वाचून आमच्याकडच्या मंडळींनाही हसू येईल.

पुढची सात वर्षं वाईट गेली. उशिरा येणं, वरिष्ठांशी खटके, खिशात दमडी नाही. एका शिंप्याचं १२ पौंडांचं बिल सावकाराच्या हाती पडलं आणि फिटेपर्यंत दोनशेच्या वर गेलं. हा सावकार रोज कचेरीत येऊन खुर्चीमागे उभा राहायचा आणि वक्तशीरपणाचा सल्ला द्यायचा. एकदा तर एका मुलीची आई मोठ्या टोपीत, हातात टोपली घेऊन भर कचेरीत आली आणि माझ्या मुलीशी लग्न कधी करतोस, असं सगळ्यांदेखत विचारू लागली. ट्रोलॉप हे हसत सांगतो. पण त्या पोराच्या कानाच्या पाळ्या किती तापल्या असतील!

१८४१ मध्ये आयर्लंडमधल्या बॅनाघर गावी टपाल सर्व्हेयरच्या हाताखाली एक जागा निघाली. कुणालाच नको होती, म्हणून यानं मागितली आणि वरिष्ठांनी सुटलो म्हणून दिली. शिवाय माणूस निरुपयोगी आहे, असा शेरा नव्या साहेबाकडे आधीच पोचवला. बँकेत आम्ही अशा बदल्या पुष्कळ पाहिल्या आहेत. आडगावी पाठवलेला माणूस एक तर पिऊन संपतो किंवा कायमचा सुधारतो. नवा साहेब समंजस निघाला. मागचं मी मनात धरणार नाही, तुझं काम पाहून ठरवीन, असं त्यानं सांगितलं. वर्षभरात ट्रोलॉप खात्यातला कामाचा माणूस म्हणून ओळखला जाऊ लागला. पगार १०० पौंडच होता, पण फिरतीवर रोजचा भत्ता आणि मैलामागे सहा पेन्स मिळत. त्यानं घोडा घेतला, शिकारीचा नाद लावून घेतला. १८४४ मध्ये रॉदरहॅमच्या एका बँक मॅनेजरच्या मुलीशी, रोझ हेझल्टाइनशी त्याचं लग्न झालं. (हे वाचून मला उगाचच बरं वाटलं.)

फिरतीचं काम म्हणजे गावोगावच्या पोस्टमास्तरांचे हिशेब तपासायचे आणि तक्रारींचा निकाल लावायचा. कॅव्हन परगण्यातल्या एका जमीनदारानं टपालाविरुद्ध तक्रारींचा वर्षाव केला होता. ट्रोलॉप बर्फातून उघड्या गाडीनं त्याच्याकडे पोचला. जमीनदारानं त्याला कोरडे कपडे दिले, ब्रँडी दिली, जेवू घातलं, मुलीला गायला सांगितलं. तक्रारीचा विषय काढला की उद्या पाहू. सकाळी कबुली दिली की तक्रार अशी काही नाहीच. दिवसभर रिकामा बसलेला असतो आणि पत्रं लिहायला आवडतं, एवढंच. हा माणूस कादंबरीत येणार नाही तर काय होईल?

कादंबरी सुरू झाली तीही फिरतीवरच. ड्रम्सना गावाबाहेर मित्राबरोबर चालताना एक पडकं घर दिसलं. त्या घरात कोण राहिलं असेल, याची गोष्ट त्यानं रचायला घेतली आणि १८४७ मध्ये पहिली कादंबरी निघाली. ती कुणी वाचली नाही. दुसरीच्या ३७५ प्रती छापल्या, १४० खपल्या. तिसरीचे वीस पौंड मिळाले आणि तीही पडली. दहा वर्षं हा माणूस असा अपयशात लिहीत राहिला आणि त्याबद्दल कुणाकडे गाऱ्हाणं केलं नाही. कुरकुरला असता तर मला तो जास्त जवळचा वाटला असता, हेही सांगून टाकते. आणखी एक गोष्ट सांगायला हवी. १८४५ नंतरचा आयर्लंडमधला भीषण दुष्काळ त्यानं घोड्यावरून फिरत डोळ्यांनी पाहिला. तरीही वर्तमानपत्राला पत्रं लिहून त्यानं सरकारच्या धोरणाची बाजू मांडली. माणूस सहृदय होता, पण सरकारी नोकराचा चष्मा त्या बाबतीत त्याला उतरवता आला नाही.

१८५१ मध्ये त्याला नैऋत्य इंग्लंड, वेल्स आणि चॅनेलमधली बेटं अशा मोठ्या टापूवर पाठवण्यात आलं. खेड्यापाड्यांत पत्र घरपोच द्यायची व्यवस्था लावायची होती. तोवर बऱ्याच ठिकाणी टपालवाला पत्रामागे वर एक पेनी उकळत असे. ट्रोलॉपनं ते बंद करायचा विडाच उचलला. दिवसाला सरासरी ४० मैल घोडेस्वारी. नियम असा की टपालवाल्याला दिवसात १६ मैलांवर चालायला लावायचं नाही. म्हणून हा त्याच्या वाटेनं स्वतः जायचा, शेतांतून आडवाटा शोधायचा, कुंपणं ओलांडायचा. शिकारीच्या लाल कोटात भल्या सकाळी एखाद्या शेतकऱ्याच्या दारात उभा राहून पत्र किती वाजता येतं आणि वर किती द्यावं लागतं, असं विचारायचा. शेतकऱ्याला वाटे, हा कोण वेडा आला! दोन वर्षांत इंग्लंडच्या त्या भागातलं क्वचितच एखादं घर त्यानं पाहायचं ठेवलं असेल. आजचे लेखक विषय ठरवून अभ्यासदौरा काढतात, मीही काढला आहे. ट्रोलॉपचा दौरा खात्याच्या खर्चानं आणि खात्याच्याच कामासाठी होता. माणसं मात्र आपोआप गोळा होत गेली.

अशाच फेरीत १८५२ च्या उन्हाळ्यातल्या एका संध्याकाळी तो सॉल्झबरीच्या कथीड्रलच्या आवारात रेंगाळला. जुनी झाडं, हिरवळ, धर्मगुरूंची शांत घरं. तिथे त्याला ‘द वॉर्डन’ सुचली. धर्मादाय संस्थेतून अनायास चांगला पगार मिळणारा एक सज्जन म्हातारा पाद्री, आणि हा पैसा आपला आहे का, हा त्याच्या मनाला लागलेला घोर. गंमत अशी की ट्रोलॉप कथीड्रलच्या आवारात कधी राहिलेला नव्हता. त्या वर्तुळातल्या कुणाशी त्याचा परिचयही नव्हता. पण कचेरीतली बढती, मत्सर, साहेबाची बायको, हक्काचा आणि बिनहक्काचा पैसा हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. त्यानं ते पाद्र्यांच्या झग्यात घातलं. पुस्तक १८५५ मध्ये आलं. वर्षाअखेर त्याच्या हाती पडले ९ पौंड ८ शिलिंग ८ पेन्स.

पुढची ‘बार्चेस्टर टॉवर्स’ त्यानं बरीचशी आगगाडीत लिहिली. मांडीवर ठेवायला एक लहानशी पाटी करून घेतली, पेन्सिल घेतली. डब्यात समोर चार-पाच अनोळखी माणसं टक लावून पाहताहेत आणि हा लिहितो आहे. सुरुवातीला त्याला संकोच वाटला, मग सवय झाली. धक्क्यांनी वेडीवाकडी झालेली ती अक्षरं रोझ घरी बसून सुवाच्य उतरवून काढायची. छापण्याआधी त्याचं लेखन वाचणारी तेवढी एकच व्यक्ती होती. आमच्यासारख्यांनी ट्रोलॉपचा हेवा करायचा तर तो या एका गोष्टीसाठी. पहाटेची पानं झाल्यावर मला पोळ्याही करायच्या असत आणि सुवाच्य प्रतही.

१८५८ मध्ये खात्यानं त्याला इजिप्तला पाठवलं. सुएझचा कालवा व्हायचा होता. हिंदुस्थान आणि ऑस्ट्रेलियाचं टपाल अलेक्झांड्रियाला उतरून सुएझपर्यंत जमिनीवरून जाई. म्हणजे मुंबईला येणारी पत्रंही त्यात आली. हे टपाल रेल्वेनं नेण्याचा करार करायचा होता. तिकडचे अधिकारी अठ्ठेचाळीस तासांवर अडून बसले, हा चोवीस तासांवर. शेवटी याचंच खरं झालं. त्याच प्रवासात ‘डॉक्टर थॉर्न’ चालू होती. जहाज हेलकावे खाई. पोटात ढवळलं की हा कागद मेजावर ठेवून आपल्या खोलीकडे धावे आणि मोकळा होऊन पुन्हा लिहायला बसे. अलेक्झांड्रियात ती कादंबरी संपली. दुसऱ्या दिवशी त्यानं पुढची सुरू केली.

१८५९ अखेर तो लंडनपासून बारा मैलांवर वॉल्थम क्रॉसला राहायला आला आणि दिनक्रम पक्का झाला. एका जुन्या आयरिश नोकराला वर्षाला पाच पौंड जास्तीचे देऊन एकच काम सांगितलं होतं. पहाटे साडेपाचला कॉफी घेऊन यायचं आणि कसलीही दयामाया न दाखवता उठवायचं. आपल्या यशात या माणसाचा वाटा सर्वांत मोठा, असं ट्रोलॉप मानी. पहिला अर्धा तास कालचं लिहिलेलं वाचायचं, शब्दांचा नाद कानाला पारखून. मग घड्याळ समोर ठेवायचं आणि दर पंधरा मिनिटांत अडीचशे शब्द. साडेआठला लेखणी खाली. कपडे करून न्याहारी, मग कचेरी. दुपारी व्हिस्टचा डाव, संध्याकाळी मेजवान्या, थंडीत आठवड्यातून दोन-तीन दिवस शिकार. बाहेर भेटणाऱ्यांना हा आडदांड, मोठ्या आवाजाचा, गडगडाटी हसणारा गृहस्थ कादंबऱ्या कधी लिहितो, याचा पत्ता लागत नसे. त्याची दिवसभराची पानं ते झोपेत असतानाच झालेली असत.

डायरी तर आमच्या बँकेच्या लेजरसारखी. आठवड्यांचे रकाने, त्यात रोजची पानं. एक पान म्हणजे अडीचशे शब्द, आणि तो ते मोजत असे. आठवड्याला सरासरी चाळीस पानं, कधी वीस, एकदा एकशेबारा. आळसात गेलेला दिवस रिकाम्या रकान्यातून त्याच्याकडे पाहत राही आणि ते त्याला सहन होत नसे. कापडाच्या हिशेबासारखे शब्द मोजणारा हा माणूस पात्रांवर मात्र जीव टाकायचा. अथीनियम क्लबात तो एकदा लिहीत बसला होता. जवळच दोन पाद्री, तीच तीच पात्रं पुन्हा आणतो म्हणून याच्या नावानं बोटं मोडत होते. विशेषतः बिशपची कजाग बायको, मिसेस प्राउडी, त्यांना असह्य झाली होती. ट्रोलॉप उठला, ओळख दिली आणि आठवडा संपायच्या आत तिला मारून टाकतो, असं सांगून गेला. त्यानं तिला खरंच मारलं. पुढे कित्येक वर्षं तो त्याबद्दल हळहळत होता. ती अजून आपल्या आसपास वावरते, असं त्याला वाटे.

१८६४ मध्ये वरच्या जागेसाठी त्याला डावलून कनिष्ठाला घेतलं. ते त्याच्या मनातून गेलं नाही. तरी तो लगेच उठून निघाला नाही. पेन्शनला अजून आठ वर्षं होती, म्हणून पेन्शनइतकं उत्पन्न देईल एवढी रक्कम त्यानं आधी बाजूला टाकली आणि मगच १८६७ मध्ये राजीनामा दिला. तेहेतीस वर्षं झाली होती. आमच्या बँकेत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली तेव्हा मीही एका रात्री कागदावर असाच हिशेब मांडला होता. माझा जुळला नाही. पुढच्या वर्षी त्याला पार्लमेंटात जायची हौस आली. बेव्हर्लीतून उभा राहिला, शेवटच्या क्रमांकावर आला आणि दोन हजार पौंड घालवून बसला. त्याची कादंबरी मात्र झाली.

१८७१ मध्ये तो रोझला घेऊन मुलाला भेटायला ऑस्ट्रेलियाला निघाला. धाकटा फ्रेडरिक तिथे मेंढ्या पाळत होता. निघण्याआधीच जहाजावरच्या खोलीत लिहायला मेज ठोकून घेतलं होतं. लिव्हरपूल सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी ‘लेडी ॲना’ला सुरुवात झाली आणि मेलबर्न यायच्या आत ती पुरी झाली. आठवड्याला ६६ पानं. ऑस्ट्रेलियात तो वसाहतीमागून वसाहत हिंडला, सोन्याच्या खाणीत उतरला आणि त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. वेस्ट इंडीज, अमेरिका, दक्षिण आफ्रिका, आइसलंड, सगळीकडे हेच. वाट्याला आला नाही तो आपला देश.

१८७५-७६ मध्ये त्यानं आत्मचरित्र लिहिलं आणि मोठा मुलगा हेन्रीकडे सोपवलं. आपण गेल्यावर छापावं, असं सांगितलं. ते १८८३ मध्ये निघालं. त्यात सगळंच होतं. घड्याळ, डायरी, अडीचशे शब्द आणि शेवटी पुस्तकवार कमाईचा तक्ता. बेरीज ६८,९३९ पौंड १७ शिलिंग ५ पेन्स. जोडे शिवणारा एक जोड पुरा झाला की दुसरा हाती घेतो, तसंच लेखकानं करावं, असं त्यानं सांगितलं होतं. अशा माणसाला कलावंत कसं म्हणायचं, असा प्रश्न मग वाचकांना पडला. त्याची लोकप्रियता आधीच ओसरू लागली होती, या पुस्तकानं ती आणखी खाली नेली. वर यायला काही दशकं लागली. मला वाटतं, त्याला परिणामांची कल्पना नव्हती असं नाही. ज्याच्या बापाच्या घरावर जप्ती आली, ज्याच्या खुर्चीमागे सावकार उभा राहिला, त्याला पेन्सांपर्यंत जुळलेली बेरीज छापून दाखवायची होती. मी माझी डायरी अजून कुणाला दाखवलेली नाही.

अखेरच्या वर्षी, १८८२ मध्ये, तो दोनदा आयर्लंडला गेला. जमिनीच्या प्रश्नावर तिथे रक्तपात चालला होता आणि त्याला त्यावर कादंबरी लिहायची होती. वय सदुसष्ट, दम्यानं बेजार, हात आखडलेला. बरोबर भाची होती फ्लॉरेन्स. हा सांगायचा आणि ती लिहून घ्यायची. पहिली कादंबरी जिथे सुचली, त्याच देशात तो शेवटच्या कादंबरीसाठी माणसांना प्रश्न विचारत हिंडला. संपूर्ण झाल्याशिवाय लेखन छापायला द्यायचं नाही हा त्याचा दंडक होता, पण याही वेळी तो मोडला. ३ नोव्हेंबरला मेव्हण्याच्या घरी रात्रीच्या जेवणानंतर एक विनोदी पुस्तक मोठ्यानं वाचलं जात होतं. सगळे हसत होते, ट्रोलॉप सगळ्यांत मोठ्यानं. हसताहसता त्याचा आवाज थांबला. पक्षाघाताचा झटका आला होता. ६ डिसेंबरला तो गेला. ‘द लँडलीगर्स’ अपुरी राहिली आणि तशीच छापली गेली. खणात मात्र एक पुरी झालेली कादंबरी पडून होती. ती निघाली १८८४ मध्ये.